सोन्याखालचा तळ



माझ्या कपाटातल्या ज्या खणात मुदत ठेवीच्या पावत्या, पेन्शनचे कागद आणि मृत्युपत्राची प्रत ठेवलेली आहे, त्याच खणात एक हत्यार आहे. लाकडी मूठ, तिला पितळेची कडी आणि टोकाला कुत्र्याच्या सुळ्यासारखा वळलेला अकीकाचा दगड. कुणी पाहुण्याने पाहिलं तर त्याला वाटतं, दातांच्या डॉक्टरचं काहीतरी असेल. ते माझ्या वडिलांचं हत्यार आहे. याने ते गोव्यातल्या इगर्जींच्या अल्तारांवर चढवलेल्या सोन्याला झिलई द्यायचे.

गेल्या डिसेंबरात नातवाला घेऊन बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला गेलो होतो. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या मुख्य वेदीसमोर तो मान वर करून बघतच राहिला. म्हणाला, "आजोबा, हे सगळं सोनं? किती किलो असेल?" मी म्हटलं, "किलो कसले? तुला वाटतं त्यापेक्षा फारच कमी. आणि खरं काम सोन्याचं नाहीच, सोन्याखालचं आहे." तो पुढे निघून गेला, पण मी तिथेच बाकावर बसलो. वाटलं, हे एकदा नीट लिहून ठेवावं. या समूहावर सगळे आपापल्या वाडवडिलांच्या आठवणी लिहितात, मी आजवर नुसता वाचत आलो. चूकभूल द्यावी घ्यावी.

आम्ही मूळचे फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचे. जातीने चारी, म्हणजे सुतारकाम, कोरीवकाम हा घरचा धंदा. गोव्यात कारागिराला 'मेस्त' म्हणतात, हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. बाबांना नावाने हाक मारलेली मी फारशी ऐकली नाही. हिंदू असो की ख्रिस्ती, सगळे 'मेस्ता' अशीच हाक मारायचे. पावसाळाभर घरामागच्या मांडवात लाकूड कोरायचं, आणि पाऊस संपला की जिथे काम असेल तिथे जायचं. देवळातली मखरं, पालख्या, रथाची चाकं असं सगळंच ते करत. पण घरात पैसा यायचा तो मुख्यतः नदीपलीकडच्या सासष्टीतल्या इगर्जींतून. अल्तार, म्हणजे वेदीच्या मागची ती उंच कोरीव भिंत, पिळाचे खांब, द्राक्षांचे घोस, देवदूतांची गुबगुबीत तोंडं, हे कोरणं आणि त्यावर सोनं चढवणं.

शिरोड्याच्या लोकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. आमच्या गावची श्री कामाक्षी ही मूळ पलीकडच्या रायची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडली, तेव्हा लोकांनी देव उचलून झुआरी ओलांडली आणि अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात आणून वसवले. ज्या नदीवरून आमची देवी अलीकडे आली, त्याच नदीवरून बाबा हत्यारांची पेटी घेऊन पलीकडे राशोलला उतरायचे आणि तिथून पुढे कामावर जायचे.

हे गावात सगळ्यांनाच आवडत नसे. एकदा एका म्हाताऱ्या नातेवाइकांनी आमच्या ओसरीवर बसून बाबांना सरळ विचारलं, "आपली देवळं मोडली त्यांनी. आणि तू त्यांच्या वेदीला सोनं लावतोस?" मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाबा तासणीला धार लावत होते. धार लावतच म्हणाले, "मोडपाचें काम म्हाका येना. घडोवपाचें तितलें येता." मोडण्याचं काम मला जमत नाही, घडवण्याचं तेवढं येतं. म्हातारबुवांचं त्यावर समाधान झालं असं नाही. पण त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही, आणि त्यांच्या नातीच्या लग्नाचा चौरंग बाबांनीच करून दिला.

ही काही आमच्या घरची एकट्याची गोष्ट नव्हे. इगर्जीच्या पवित्र वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असे हुकूम गोव्यात सोळाव्या शतकातच निघाले होते, आणि ते पुनःपुन्हा काढावे लागले. हुकूम पुनःपुन्हा काढावा लागतो याचा अर्थ बँकेत नोकरी केलेल्या माणसाला चांगला कळतो. तो कुणी पाळत नव्हतं!

सुट्टीत बाबा मला बरोबर न्यायचे. इगर्जीच्या दारात ते वहाणा काढून ठेवत. तिथे सगळेच बूट-चपला घालून आत जातात. पाद्री एकदा हसून म्हणाले, "मेस्ता, व्हाणो घालून आयल्यार चलता." बाबा म्हणाले, "चलता तें खरें, पाद्रीबाब. पूण हात थारना." वहाणा घातल्या तर हात स्थिर राहत नाही, म्हणे. सकाळी आंघोळ, घरच्या देवाला नमस्कार, मग तिथे पोचल्यावर लाकडाला नमस्कार. काम सुरू झालं की दुपारपर्यंत काही खायचं नाही. हे सगळे नियम मखराच्या कामाला होते तेच अल्तारालाही होते.

आता काम कसं चालायचं ते सांगतो, कारण माझी गोष्ट त्या कामातच आहे.

लाकूड कोरून झालं की आधी त्याला गरम सरसाचं पाणी पाजायचं. मग खडूची वस्त्रगाळ पूड सरसात कालवून तिचे हात द्यायचे. एक हात वाळला की दुसरा, असे आठ-दहा. सरस फार गरम झाला तर वाया जातो, थंड झाला तर घट्ट होतो. त्याचा वास मला अजून नाकात आहे. कातड्या-हाडांचा तो वास कपड्यांना धरून राहायचा आणि शाळेत पोरं नाक दाबायची. हे पांढरे हात वाळले की मग घासायचं. आधी कोरड्या कागदाने, मग ओल्या फडक्याने. कोरलेल्या पानांच्या शिरा खडूने बुजलेल्या असतात, त्या बारीक हत्याराने पुन्हा मोकळ्या करायच्या. घासण्याचं काम माझं. दिवसचे दिवस. त्यावर सरसात कालवलेल्या बारीक लाल मातीचे तीन-चार हात. पुन्हा घासणं. इतकं झाल्यावर सोनं.

सोन्याचा वर्ख एका लहानशा वहीत येतो, पातळ कागदांच्या मध्ये एकेक पान. बोट लावलं तर विरून जातं. खारीच्या केसांचा चपटा ब्रश गालावर एकदा फिरवायचा, गालाच्या किंचित तेलकटपणाने वर्ख ब्रशाला धरतो. लाल मातीवर पाण्याचा हात फिरवायचा आणि पान अलगद सोडायचं. ते पाणी पानाला ओढून घेतं. त्या वेळी दारं-खिडक्या बंद, आणि बाबा श्वाससुद्धा रोखून धरायचे. पान बसलं की मग श्वास सोडायचे. पुढे त्यांना प्राणायाम करणारे लोक भेटले की ते म्हणत, आम्ही पोटासाठी करतो तो.

शेवटी झिलई. त्यासाठी वेळ साधावी लागते. तळ ओला असेल तर सोनं फाटतं, अगदी कोरडा झाला तर चमक येत नाही. बाबा अकीकाच्या टोकाने हलकेच ठोकून बघायचे. दबका आवाज आला तर थांबायचं, 'टक्' असा वाजला तर घासायला सुरुवात. त्या घासण्याने पिवळट मंद पान हळूहळू आतून उजळत जायचं.

पुढे बँकेत असताना मी सवयीने हिशेब केला. वर्ख जवळपास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. एक ग्रॅम सोन्यात साधारण अर्धा चौरस मीटर झाकला जातो. इतकं पातळ सोनं खालचं काहीच लपवू शकत नाही. उलट, तळावरचा एक केसाएवढा ओरखडा झिलई दिल्यावर हातभर लांबून दिसतो. म्हणून माझं घासणं झालं की बाबा तपासायला यायचे ते डोळ्यांनी नाही. मला सांगायचे, "दोळे धांप आनी बोट फिरय." डोळे मिटून बोट फिरव. जिथे बोट अडलं तिथे पुन्हा घासायचं. मी कुरकुरलो की एकच वाक्य, "सोनें फट मारिना." सोनं खोटं बोलत नाही. तळ जसा असेल तसंच ते दिसणार.

१९६३ सालच्या ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, बाबा मला पहिल्यांदा जुन्या गोव्याला घेऊन गेले. लोक संताच्या पाया पडायला आलेले, आणि हे मान उंच करून चांदीची पेटी न्याहाळत उभे. ती पेटी १६३६-३७ साली गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतून, टस्कनीच्या ग्रँड ड्यूककडून आला आणि १६९८ मध्ये बसवला गेला. तो करणाऱ्या शिल्पकाराचं नाव, जोवान्नी बात्तिस्ता फोज्जिनी, आज कुठल्याही माहितीपुस्तकात सापडतं. वरच्या पेटीबद्दल मात्र तिथे 'गोव्याचे चांदीकाम करणारे कारागीर' एवढंच छापलेलं असतं. मी तेव्हा बाबांना विचारलं होतं, "तुम्ही अल्तारावर तुमचं नाव कुठे घालता?" त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. म्हणाले, "नाव कशाला? त्याला ठाऊक आहे." 'त्याला' म्हणजे नेमकं कुणाला, हे मी विचारलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९७० साल. मी बी.कॉम.ला होतो, ताईचं लग्न ठरत आलेलं. सासष्टीतल्या एका इगर्जीचा, नाव लिहीत नाही, मोठा अल्तार दुरुस्तीला आला होता. खालच्या भागाला वाळवी, वरचं सोनं ठिकठिकाणी उडालेलं. बाबा दोन दिवस बारकाईने बघून आले आणि सांगितलं, कुजलेलं लाकूड बदलायचं, तळ नव्याने घालायचा, जिथे जुनं धरून आहे तिथे हात लावायचा नाही. पाच महिने लागतील. खर्चही सांगितला. कमिटीतल्या काही लोकांना तो झेपेना. फेस्त दोन महिन्यांवर आलेलं. कुणीतरी सुचवलं, पितळेच्या पुडीचा सोनेरी रंग मारून घेऊ, तीन आठवड्यांत होईल, खर्च चौथा हिस्सा. आणि ते काम त्यांनी बाबांनाच देऊ केलं. चौथा हिस्सा म्हटलं तरी आमच्या दृष्टीने ती चांगली रक्कम होती. सोनं विकत घ्यायचं नाही, मेहनत कमी, हातात पैसे जास्तच उरले असते. ताईचं लग्न त्यात पार पडलं असतं.

बाबा घरी येऊन काही बोलले नाहीत. मीच बोललो. कॉमर्सचा विद्यार्थी, नफातोटा नुकताच शिकलेला. म्हटलं, "देव त्यांचा, पैसे त्यांचे, त्यांनाच रंग हवाय. तुम्हाला काय अडचण आहे?" आई चुलीपाशी होती, तीही काही बोलली नाही, पण मान माझ्या बाजूने हलली हे मी पाहिलं. बाबांनी मला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडे गेले, नाही म्हणून आले.

शहरातून एक पेंटर आला, त्याने तीन आठवड्यांत अल्तार लखलखीत करून दिला. फेस्ताला लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. ताईचं लग्न दीड वर्ष पुढे गेलं. ठरत आलेलं स्थळ हातचं गेलं, दुसरं बघावं लागलं. मी मनात म्हटलं, या माणसाच्या हट्टाची किंमत घरातल्या बायकांनी भरायची. १९७२ मध्ये मला बँकेत नोकरी लागली आणि मी त्या मांडवातून बाहेर पडलो तो ठरवूनच, की सरसाचा वास पुन्हा अंगाला लागू द्यायचा नाही.

बँकेतल्या नोकरीत माणूस आयुष्यभर एकच काम करतो: सही. व्हाउचरवर सही, लेजरवर सही, मंजुरीवर सही. १९८४ ते ८७ मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. थकबाकी वाढलेली, वरून वसुलीचा तगादा. आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांना मार्चअखेर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. थकलेलं जुनं कर्ज भरून घ्यायचं, आणि ते भरायला त्याच माणसाला नवं कर्ज द्यायचं. कागदावर वसुली झालेली, खातं नियमित, शाखा चकचकीत. थकीत कर्जं ओळखण्याचे आजचे कडक नियम १९९२ नंतर आले, तेव्हा हे सहज खपून जायचं. मला कुणी लेखी हुकूम दिला नव्हता. सगळ्यांनाच हवं होतं, आणि मी ते केलं. वर्षाअखेरीस शाबासकीचं पत्र आलं, ते मी काचेखाली ठेवलं होतं.

त्या खात्यांपैकी एक होतं एका छापखानेवाल्याचं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं छापायचा. सरळ माणूस. त्याचं कर्ज मी असं तीनदा फिरवलं. दर वेळी थकलेलं व्याज मुद्दलात जाऊन बसायचं. त्याला वाटायचं, साहेब आपल्याला सांभाळून घेतायत. तोही माझे आभार मानून सही करायचा. चौथ्या वर्षी ती रक्कम त्याच्या आवाक्याबाहेर गेली होती. पहिल्याच वर्षी मी त्याला समोर बसवून खरं काय ते सांगितलं असतं, हप्ते कमी करून मुदत वाढवून मागितली असती, तर त्याचं मशीन वाचलं असतं.

१९८६ च्या नोव्हेंबरात बाबांचं पत्र आलं. दोन ओळी. नवीन पाद्रींनी त्या अल्ताराचं काम पुन्हा काढलं आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, रजा मिळाली तर ये. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं हे पहिलंच. दोन आठवड्यांची रजा टाकली.

इगर्जीत पाऊल ठेवलं आणि समोर पाहिलं. सोळा वर्षांत तो सोनेरी रंग तपकिरी पडला होता, काही ठिकाणी काळा, खाचांतून हिरवट. आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे शिडी पोचली नसावी म्हणून पेंटरने हात फिरवलाच नव्हता, तिथे दोन-अडीच हात जुनं सोनं उघडं राहिलेलं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं. धुरळा बसलेला, पण सोनंच. पडद्यातून ऊन आलं की तेवढाच कोपरा उजळायचा.

बाबा एवढंच म्हणाले, "आदी खरवड."

चार दिवस आम्ही रंग काढला. द्रावणाने भिजवायचा, लाकडी पट्टीने खरवडायचा. मग मी पुन्हा घासायला बसलो, छत्तीस वर्षांचा शाखा व्यवस्थापक. हात सुजले. बाबांना जवळचं दिसत नव्हतं, पण ते बोट फिरवून सांगायचे, इथे, इथे. पाचव्या का सहाव्या दिवशी दुपारी, दोघेच होतो, मी त्यांना छापखानेवाल्याचं सांगितलं. जमाखर्चाच्या भाषेत सांगायला गेलो, पण त्यांना कळेल असं सांगायचं तर एकच तुलना समोर होती. म्हटलं, "बाबा, मीही तसाच रंग मारला." ते बराच वेळ गप्प. मग त्यांनी मला विचारलं, "माणूस कसा आहे?" रक्कम विचारली नाही, माझ्या नोकरीचं विचारलं नाही. म्हटलं, "सरळ आहे." म्हणाले, "मग वयर आनीक कितें लायनाका. खरवड." वरून आणखी काही लावू नकोस.

परत गेल्यावर त्या मार्चला मी नव्या कर्जाच्या मंजुऱ्या केल्या नाहीत. जी खाती बुडीत चालली होती ती तशी दाखवली, का आणि कशी ते स्वतःच्या सहीने लिहून वर पाठवलं. शाखेचं चित्र एका वर्षात बिघडलं. चौकशी झाली, बदली झाली, बढती पाच वर्षं लांबली. बायकोला तेव्हा जे ऐकून घ्यावं लागलं ते आईने १९७० साली ऐकून घेतलं तसंच. छापखानेवाल्याला मात्र माझ्या खरेपणाचा उपयोग झाला नाही. उशीर झाला होता. त्याच्या मशीनचा लिलाव झाला. काही वर्षांनी मी त्याला भेटायला गेलो. तो दुसऱ्याच्या छापखान्यात नोकरी करत होता. मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चहा मागवला, चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मी माफी मागितली असं म्हणता येईल. त्याने दिली असं मी म्हणणार नाही.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण हातात घेतलं. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं ओवीबद्ध मराठी पुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. त्याच राशोलला, जिथे बाबा होडीतून उतरायचे. येशूची कथा सांगायला त्याने आपल्या संतांच्या घरातली ओवी घेतली. मध्ये ३७ वर्षं आहेत. एवढ्या काळात परमुलखातला माणूस इथली भाषा शिकला, इथल्या लोकांच्या कानावर असलेली पुराणं समजून घेतली, कोकणीचं व्याकरण लिहिलं, जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं. ज्या काळात नदीच्या त्याच काठावर देवळं पडली होती, त्या काळातला हा माणूस, हेही मी विसरत नाही. पण ओव्या वाचताना मी सवयीने बोट फिरवून बघतो. कुठे अडत नाही. तळावर काम केलेलं कळतं.

मी काही आध्यात्मिक माणूस नाही. सकाळी पूजा करतो, अथर्वशीर्ष म्हणतो, एकादशीला उपास धरतो. पण फुलं वाहणं, आरती, नैवेद्य हा वर्खाचा भाग झाला, असं आताशा वाटतं. तो व्हायलाच हवा, त्याच्याशिवाय उजेड नाही. पण तो एका दिवसाचा. बाकीचे महिने घासण्याचे. दिवसभरात कुणाशी काय बोललो, कुणाच्या कागदावर कशी सही केली, हे देवासमोर हात जोडले की आपोआप वर उमटतं. देव कुणाचाही असो. बाबांनी आयुष्यभर ज्या वेदीसमोर काम केलं तिथे त्यांनी प्रार्थना कधी म्हटली नाही, ती त्यांना येतही नव्हती. पण त्यांच्याइतकी पूजा त्या वेदीची फार थोड्यांनी केली असेल.

बाबा १९९४ मध्ये गेले. त्या इगर्जीचे पाद्री आणि गावचे चार लोक नदी ओलांडून शिरोड्याला आले होते. अंगणात शिरताना पाद्रींनी बूट काढले.

गेल्या डिसेंबरात जुन्या गोव्याहून परतताना मी गाडी त्या गावाकडे वळवली. दुपारची वेळ, इगर्ज उघडी होती. अल्ताराला आता जवळपास चाळीस वर्षं होतील. सोनं जसंच्या तसं आहे. नातवाला मी डाव्या अंगाचा खालचा खांब दाखवला. तिथे एक वळलेलं पान आहे, त्याच्या कडेला उजेड तिरका पडला की बारीकशी लाट दिसते. तिथे माझं घासणं कमी पडलं होतं. दमलो होतो, डोळे मिटून बोट फिरवायचं टाळलं. झिलई दिल्यावर ती उमटली. बाबांना दिसली नसती, पण त्यांच्या बोटाला लागली. मी म्हटलं होतं, काढतो, पुन्हा करतो. ते म्हणाले, "आसूं दी. फेस्ताक कोण पळोवचो ना. तूं पळयतलो." राहू दे. फेस्ताला कुणी बघणार नाही. तू बघशील.

नातवाने वाकून पाहिलं, म्हणाला, "आजोबा, मला तर काही दिसत नाही." मी त्याला जरा डावीकडे सरकवलं, आणि मग त्यालाही दिसली.

समूहात कुणाच्या घरी देवळाचं, मशिदीचं, इगर्जीचं असं काम झालेलं असेल, तर जरूर लिहा. नावं कुठे कोरलेली नाहीत, निदान आपल्याला तरी ठाऊक असू देत.